होडीच्या टाकीची जीप

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतोय. भूत, चकवा, वडावरची बाई... माझा यातल्या कशावर कधीच विश्वास नव्हता. मी बोईसर एमआयडीसीतल्या एका कंपनीत पंप दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात पातळ पदार्थ वर चढत नसेल तर कारणं दोनच – एक तर वाट कुठेतरी बंद झालीय, नाहीतर कुठूनतरी हवा शिरतेय. तिसरं कारण सांगणाऱ्याला आम्ही चहा पाजून घरी पाठवतो. आज तो चहा माझ्यावर आलाय, म्हणून लिहितोय.

आमचं घर चिंचणीला, खाडीकाठी. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत खाजणातून मातीची वाट आहे. दोन्ही बाजूंना चिखल, आणि शेवटी रस्त्यावर जायला चांगलाच चढ. रिक्षावाले तिथे यायचं नाव काढत नाहीत. माझे वडील, म्हणजे बाबा, जन्मभर तांडेल होते – होडी त्यांची आणि होडीवर हुकूमही त्यांचा. आता त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा, सकाळच्या पहिल्या नंबराला, बोईसरला डायलिसिस. एखादी खेप चुकली की अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, धाप लागते. सुरुवातीला शेजारची पोरं त्यांना खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून न्यायची. बाबांना ते अजिबात खपायचं नाही. म्हणायचे, "मी अजून मेलो नाय विजू. चौघांनी उचलायची एवढी घाई नको."

म्हणून मी जीप घेतली. तारापूरच्या एका वाडीवाल्याकडे नारळ वाहायला होती. जुनी, डिझेलची, चारही चाकं ओढणारी, चिखलात रेड्यासारखी चालायची. फक्त टाकी गंजून चाळण झालेली. मी दुसरी शोधत होतो तेव्हा बाबाच म्हणाले, "होडीची टाकी पडून हाय ना पडवीत? ती लाव. चांगली हाय." होडी आम्ही त्यांच्या आजारपणात मोडीत काढली होती. लाकूड गेलं, इंजिन गेलं, डिझेलची टाकी तेवढी उरली. मी ती घासूनपुसून जीपच्या मागच्या बाकाखाली बसवली. माझी बायको मनीषा म्हणाली, "आता हिची पूजा दसऱ्याला करायची की नारळी पौर्णिमेला?" बाबा म्हणाले, "दोन्हीला." ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले होते.

सुरुवातीला जीप झकास चालली. मग एका सकाळी तारापूरच्या अलीकडे इंजिनाने आचके दिले आणि बंद. बॉनेट उघडून हातपंप दाबला – डिझेल वर येईचना, नुसता फेस. बाबांना रिक्षाने पाठवलं. दुपारी परत येऊन बघतो तर चावी फिरवताच चालू! पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मग काही दिवस एकदम शहाण्यासारखी वागली, आणि पुन्हा तेच रडगाणं.

आता हे माझंच काम. फिल्टर बदलला. पाईप बदलले, क्लिपा बदलल्या, जोडांवरचे तांब्याचे वायसर बदलले. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं तर आत हवा जात नाही आणि डिझेल ओढलं जात नाही, म्हणून झाकण उघडं टाकून चालवली. शेवटी बोईसरच्या शकीलकडे नेली. डिझेल पंपांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने फीड पंप खोलून नवा करून दिला. तरी तेच. मग त्याने एक डबा बॉनेटवर टांगला आणि इंजिनाला डिझेल डब्यातून दिलं. जीप सुरळीत. टाकीवर जोडली की बंद. टाकी उतरवली, आत बॅटरी मारून पाहिलं – आरशासारखी स्वच्छ. शकीलने डोकं खाजवलं. "भाई, प्रॉब्लेम टंकी में है. और टंकी में कोई प्रॉब्लेम नहीं है."

इकडे बाबा ओट्यावर खाडीकडे तोंड करून बसायचे. मी जीपखाली आडवा, आणि हे वरून, "आता नको डोकं फोडू. सुकती लागली हाय. पाणी आलं की चालेल ती." सुकती म्हणजे ओहोटी. मला वाटलं, आजारपणात माणूस बोलतो काहीतरी. पण मनीषाने एकदा हळूच सांगितलं, "अहो, बाबा सांगतात तेव्हाच बंद पडते हो. मी बघतेय."

एका सुट्टीला मी भर दुपारी जीप अंगणात चालू करून ठेवली आणि खाडी बघत बसलो. अमावस्येच्या उधाणाचे दिवस होते. पाणी उतरत गेलं, होड्या एकेक करून चिखलात कलल्या. शेवटच्या होडीच्या तळाखालचं पाणी गेलं आणि जीप आचके देऊन बंद पडली. मी हसलो... योगायोग. मग बोईसरला शकीलच्या गॅरेजमध्ये तेच करून पाहिलं. तिथून समुद्र दिसत नाही, वासही येत नाही. जीप बंद पडताच मनीषाला फोन लावला तर ती म्हणाली, "आत्ताच होड्या टेकल्या." आणि जीप शहाण्यासारखी वागायची ते दिवस? ते भांगाचे होते, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, लहान भरती-ओहोटीचे. भांगात खाडी पूर्ण रिकामी होतच नाही.

मला हे पटत नव्हतं, पण पटायची वाट बघत बसायला वेळही नव्हता. शकीलला नवी टाकी करायला सांगितली. बाबांना ते सांगायचं जिवावर आलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "बदल. मला येळेवर पोचायला पायजे. पण तिला भंगारात नको देऊ."

"बाबा, पाणी नसलं की होडी काय करायची?" मी सहज विचारलं.

"बसायची. नायतर काय करेल? पण कोणाच्या जिवावर बेतलं तर ढकलायची. मी सुकाणावर, आणि आमचे चौघे मागून खांदा लावायचे चिखलात. ज्याने हात लावला त्याला नंतर मासळीचा वाटा द्यायचा. फुकट नाय राबवायचं कोणाला."

ते चौघे म्हणजे त्यांचे खलाशी. मी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून फिरलोय. त्यातला आता एकही हयात नाही. कोणी म्हातारपणाने गेला, कोणी दारूने.

नवी टाकी मंगळवारी बसवायची ठरली होती. सोमवारी अमावस्या होती. आदल्या खेपेला जीपने दगा दिल्यामुळे बाबांचा नंबर हुकला होता, आणि सोमवारी सकाळी उजाडताना त्यांना धाप लागली. आडवं होता येईना, ओठ काळसर दिसायला लागले. रुग्णवाहिकेला फोन केला. ते म्हणाले, रस्त्यावर येऊन थांबतो, आत चिखलात गाडी घालणार नाही. उचलायला कोणी नव्हतं, पोरं रात्रीच्या भरतीवर होड्या घेऊन गेलेली. खाडीत थेंब नव्हता.

मी आणि मनीषाने बाबांना कसंबसं जीपमध्ये मागे बसवलं. मी बाटलीत डिझेल घेतलं, पाईप तिच्यात सोडला आणि बॉनेटच्या बाजूला उभा राहून हवा काढायला हातपंप दाबायला लागलो. घाईत बाटली हातातून निसटली आणि सगळं डिझेल मातीत गेलं. मी खरंच रडायच्या बेतात होतो. दुसरी बाटली भरायला वळलो, आणि जीप हलली.

इंजिन बंद होतं, गियर न्यूट्रलला. जमीन सपाट. तरी जीप माझ्या शेजारून पुढे सरकली. थोडी थांबली, पुन्हा सरकली, झटक्या-झटक्याने, चालणाऱ्या माणसाच्या गतीने. आतून बाबांचा आवाज आला, दमलेला पण शांत. "विजू, सुकाण धर."

मी धावत जाऊन आत बसलो आणि स्टिअरिंग धरलं. दुसरं काही केलं नाही, करायला काही नव्हतंच. मनीषा बाबांना धरून मागे बघत होती. मी विचारलं, "कोण आहे गं?" ती म्हणाली, "कोणी नाहीये." खाजणातून आम्ही पुढे जात होतो. चाकांचा चिखलात चुबुक-चुबुक आवाज, आणि बाकी काही नाही. मला भीती वाटायला हवी होती. पण लहानपणी त्या खांद्यांवर बसून वाटायचं तसं वाटत होतं, आपण पडणार नाही असं. चढाला जीप थबकली. बाबा पुटपुटले, "अजून एकदा रे." आणि ती चढली. डांबरावर पुढची चाकं टेकली तशी थांबली.

रुग्णवाहिका समोर होती. ड्रायव्हर म्हणाला, "इंजिन बंद करून आलात? हा चढ?" मी बाबांना उतरवायला मागे धावलो.

बाबा वाचले. दोन दिवसांनी घरी आले. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मनीषाला बाजारातून ताजे बोंबील आणायला लावले. स्वतःला खायची परवानगी नसताना. चार पानांवर चार वाटे केले आणि मला चढाशी ठेवून यायला सांगितलं. मी निमूटपणे ठेवून आलो. सकाळी पानं रिकामी होती. ते कुत्र्यांचं काम, एवढं मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकतो.

नवी टाकी बसली. जीप आता भरती असो, ओहोटी असो, बिनतक्रार चालते. जुनी टाकी ओट्यावर बाबांच्या खुर्चीशेजारी आहे. शकीलने सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. कोणाला यातलं तांत्रिक काही कळत असेल तर जरूर लिहा. टाकीचं काही कारण सांगितलंत तर मी कदाचित मान्य करीन. पण भरलेली जीप त्या चढावर कशी चढली, याचं उत्तर शोधायची घाई मला आता राहिलेली नाही.

आठवड्यातून तीनदा आम्ही त्या चढावरून जातो. तिथे आलं की बाबा मागे वळून हात वर करतात. मी वेग जरा कमी करतो, त्यांचा हात खाली येईपर्यंत.