पार्लरमधला खोकला

"हा ऑक्युपेशनल अस्थमा आहे," सांगलीचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे कामाच्या जागी श्वासात जाणाऱ्या एखाद्या पदार्थामुळे जडलेला दमा. माझं काम म्हणजे कडेगावातलं माझं ब्यूटी पार्लर. मला तिथंच रडू आलं.

सुरुवात साध्या खोकल्यानं झाली होती. काढे घेतले. पुढं छातीत शिट्टी वाजायला लागली, बोलताना धाप लागायची. साताऱ्याला माहेरी गेले की मात्र बरं वाटायचं. आई म्हणायची, तुला इथली हवा मानवते.

डॉक्टरांनी नेमकं तेच धरलं. आधी स्पायरोमेट्री केली, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजली. मग श्वासाचा जोर मोजणारं पीक फ्लो मीटर नावाचं छोटं यंत्र दिलं. ते मी घरी आणि पार्लरमध्ये फुंकत राहिले. पार्लरमध्ये आकडा हमखास खाली यायचा.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पार्लरमधले सगळे डबे मागवले होते. मी आणि मिस्टरांनी पिशवी भरून नेली. केसांच्या ब्लीच पावडरीवर बारीक इंग्रजीत एवढंच होतं, हवेशीर जागी वापरा. घटकांची अक्षरं हाताळून पुसली होती. वेटिंग रूममधूनच डब्यावरच्या कंपनीच्या नंबरला फोन लावला. वाटलं, टोलवाटोलवी होणार. पण पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, आत्ता श्वास कसा आहे? मग मोबाइलवर सेफ्टी डेटा शीट पाठवली. मालात काय आहे, त्यानं काय अपाय होतो, काळजी काय घ्यायची, हे सांगणारा कंपनीचा कागद. तो असा मागता येतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरांनी वाचून समजावलं. पावडरीत परसल्फेट नावाचं रसायन आहे, त्याची धूळ छातीत गेली की काहींना दमा होतो.

मिस्टरांनी विचारलं, "आवं डॉक्टर, मग हिनं पार्लर बंद करायचं व्हय?"

"पावडर बंद करा. पार्लर तिच्याशिवाय चालवून बघू."

इनहेलर सुरू झाला. हळूहळू शिट्टी थांबली. तुम्हालाही कामावर गेल्यावरच खोकला येत असेल, तर अंगावर काढू नका. काय वापरता ते डॉक्टरांना दाखवा, कंपनीला विचारा.

ब्लीच नाही म्हटल्यावर काही बायका दुसरीकडं गेल्या. लेकीच्या लग्नाआधी शोभाताई आल्या, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांनाही ब्लीचला नाही म्हटलं.

त्या खुर्चीत बसल्या. "र्‍हाऊ दे ब्लीच. भुवया कर की. तुझा हात लय हलका हाय."

मी दोरा घेतला. दोन्ही भुवया होईपर्यंत एकदाही खोकले नाही.