पेज लावलेले काठ

मामाजींची पेटी वैनगंगेच्या पुरातून वाचली. माझ्या तावडीतून वाचली नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे, पवनीचे विणकर. लुगड्याला नवा काठ विणला की त्याचा हातभर नमुना ते पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवायचे. चाळीस वर्षांत पेटी गच्च भरली होती. त्या पावसाळ्यात घरात कमरेइतकं पाणी शिरलं. ओसरल्यावर पेटी उघडली, तर आत काठ कमी आणि गाळ जास्त! मामाजी बोटांनी गाळ उकरू लागले.

मी जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, बी.एस्सी. झालेली, नवी सून. (म्हणजे हुशारी दाखवायची खुमखुमी तिप्पट!) मी पदर खोचला.

"मामाजी, एकही काठ वाया जाऊ देणार नाही!"

आणि खरंच, हापशीच्या स्वच्छ पाण्यात एकेक तुकडा अलगद हलवून मी गाळ काढला. एकाचाही रंग उतरला नाही. मामाजी चक्क हसले. इथे मी थांबायला हवं होतं.

"आता सावलीत वाळू दे अन् सोड," सासूबाई म्हणाल्या.

"असे लुळे कसे ठेवायचे? पेज लावते, कडक होतील!"

"कायले?"

पण ऐकतं कोण! मी भाताची घट्ट पेज काढली (सवयीने मीठही टाकलं!), त्यात काठ बुचकळले, अंगणातल्या खाटांवर पसरले आणि हात धुवायला आत गेले.

गावातला चारा पुरात वाहून गेलेला. शेजारची बकरी दोन दिवसांची उपाशी. तिला वाटलं, पंगत मांडली आहे!

"अवं बाई, बकरी तुमचे काठ खाऊन राहिली नं!" शेजारीण ओरडली.

मी धावले. दोन तुकडे तिच्या तोंडातून ओढून काढले. तिसऱ्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं तिच्या दातांत. मी जोर लावला, तिनेही लावला. ती जिंकली.

मामाजींनी उरलेले काठ उलटेपालटे करून पाहिले. बकरीने खाल्लेला कोणता, ते त्यांनी ओळखलं. "तुह्या सासूच्या लग्नातल्या लुगड्याचा होता. मीच विणला होता."

मला रडूच फुटलं. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "जाऊ द्या. मले तो काठ कधी पसंतच नोहता."

"काय?" मामाजी उडालेच. "मंग इतके वर्षं बोलली काहून नाही?"

"तुमी इचारलं काहून नाही?"

मामाजींनी दोन दिवस मागातला गाळ काढला. तिसऱ्या दिवशी मागावर बसले आणि दर वितीला हाक मारू लागले, "हे जांभळं चालते का वं? इथं पिवळं टाकू का?" सासूबाई शेजारी पाय पसरून बसल्या होत्या. दोनदा त्यांनी विणलेलं उसवायला लावलं, आणि मामाजींनी मुकाट्याने उसवलं!

नवा काठ पेटीत ठेवताना मामाजींनी सोबत एक चिठ्ठी घातली. मला वाटलं, माझ्या कष्टांबद्दल दोन शब्द असतील. हळूच उघडून पाहिली.

लिहिलं होतं, "पूर आला तरी चालेल, पण सुनेले चावी देऊ नोका."