घुंगरं गप्प होईपर्यंत

पितळी घुंगरं घासायला चिंच भिजवली, की त्या आंबट वासाबरोबर काठी गावच्या होळीची ती सकाळ आठवते. कमरेला घुंगरं बांधून रात्रभर नाचलेला मी अंगाला फासलेल्या राखेसकट फोटोला उभा होतो. नंदुरबारहून आलेल्या फोटोवाल्याकडे फोटो उमटवायची एकच काच उरली होती, मी जरा हललो तरी ती वाया जाणार होती. मी श्वास रोखून धरला. तो मात्र भिंगाच्या झाकणावर हात ठेवून, डोळे मिटून उभा. म्हणाला, “दम खाय भाऊ, तुन्हा घुंगरू आजून वाजी ऱ्हायनात.” मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी मी श्वास सोडला, ताठलेल्या अंगाची बारीक थरथर थांबली, आणि त्याने अलगद झाकण काढलं. फोटोत घुंगरू न् घुंगरू स्पष्ट उमटलंय. आता नातवाला फोटोग्राफर व्हायचंय. कॅमेरा कोणता घेऊ, विचारतो. मी म्हणतो, आधी कान तयार कर.