दहाव्या चेहऱ्याचे डोळे

अक्कासाहेबांनी पळीने गोमूत्र शिंपडले. माझ्या देखत. ओल्या तैलचित्रावर. थेंब त्यांच्या दिवंगत वडिलांच्या गालावरून ओघळले आणि मी तीन महिने खपून रंगविलेल्या जरीच्या अंगरख्यावर थांबले.

"बाई, मनाला लावून घेऊ नका. तसबिरीची पूजा व्हायची आहे. घराण्याची रीत."

पुण्यातील या संस्थानिक घराण्याची मी बावीस वर्षे चित्रकार. दरबार केव्हाच संपला. दरबारी चित्रकार मात्र त्यांनी ठेवली. नऊ पूर्वज मी रंगविले. डोळे सर्वांत शेवटी, मुहूर्तावर, घरातील सर्वांसमक्ष. बुबुळावर प्रकाशाचा ठिपका पडला की सारे हात जोडीत. मीही जोडीत असे.

पहाटे बुद्धवंदना केल्यावाचून मी कुंचला धरीत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. काम करताना मी चित्रशास्त्रातील संस्कृत श्लोक पुटपुटते, एवढे त्यांना ऐकू येई. त्यावरून त्यांनी माझी जात ठरविली. कोणी विचारले नाही. मी सांगितले नाही. ते मौन माझे.

गेल्या आठवड्यात माझा सत्कार झाला. वडील स्वारगेटच्या आगारात झाडू मारीत, असे मी भाषणात सांगितले. वृत्तपत्रात छापून आले.

"डोळे आज गुरुजी रेखतील," अक्कासाहेब म्हणाल्या. "तुम्ही लांबून सांगा."

तरुण गुरुजी गोरेमोरे झाले. "अहो, मला साधा गणपती काढता येत नाही."

"येईल. यांना तरी कुठं जन्मतः येत होतं!"

क्रोध हा साधनेतील अडथळा, असे मी आयुष्यभर मानीत आले. त्या क्षणी कळले, ज्याला मी क्षमा म्हणत होते, ते भय होते. बावीस वर्षांचे भय.

मी कुंचला पुसला. "अक्कासाहेब, या हाताचा चेहरा चालतो, तर डोळेही याच हाताचे. नाहीतर नाहीत."

"पुण्यात चित्रकार काय आपण एकट्याच?"

"नाही. बोलवा."

रंगांची पेटी उचलून निघाले. मागे तो चेहरा तसाच, कोऱ्या डोळ्यांचा. पुढे ते कोणी रेखले, मी विचारलेले नाही. विचारणारही नाही.

घरी नवा कॅनव्हास ताणला. वडील. खाकी सदरा, हातात खराटा. जन्मभराचा क्रम मोडून डोळे पहिल्याच दिवशी रंगविले. मुहूर्त पाहिला नाही. ते डोळे थेट समोर पाहतात.

यापुढे ज्याला माझ्या हातचा चेहरा हवा असेल, त्याने आधी या डोळ्यांसमोर उभे राहावे.