बोलणं बंद, पेटी चालू

श्रीगोंद्याजवळच्या एका गावात सामुदायिक रेडिओ निघाला, तेव्हा फोनवर गप्पांचा कार्यक्रम कसा करायचा हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. बालवाडीच्या पुष्पावती शेळकेंना माइकसमोर बसवलं. पहिल्या दिवशी कुणाचाच फोन येईना. शेवटी त्यांनी स्वतःच्या सासूबाईंना फोन लावला आणि आमटीत मीठ जास्त झालंय, काय करू, असं विचारलं. दोघींची जुंपली. ऐकणारे हसून बेजार झाले आणि दुसऱ्या दिवसापासून फोन थांबेनात. कार्यक्रमाची धूनही बाईंचीच. पेटी त्या वडिलांकडून शिकल्या होत्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज बसला, तो सुटेचना. नगरच्या डॉक्टरांना स्वरयंत्रावर गाठ दिसली. ती काढून तपासायला पाठवली. जखम भरेपर्यंत एक शब्दही बोलायचा नव्हता.

बाई खुणांनी बोलू लागल्या. त्यांचे यजमान, कल्याणराव, अस्वस्थ झाले.

"घर इतकं गप कधीच न्हवतं," ते म्हणाले. "मला भ्या वाटतंय."

बाईंनाही वाटत होतं, पण सांगायची सोय नव्हती.

त्याच दिवसांत हर्षल भेटायला आला. पूर्वी तो रेडिओवर ध्वनिमुद्रण करायचा, आता चित्रपट करत होता. ऊसतोडणीच्या बायकांवरचा त्याचा चित्रपट संगीताविना अडला होता. त्यानं लॅपटॉप उघडून पुढं ठेवला.

"ताई, बोलू नका. बघा आणि वाजवा."

पडद्यावर एक बाई उसाच्या फडात तान्ह्या पोराला झोपवत होती. पुष्पावतीबाईंनी सुरुवातीपासूनच सूर धरला आणि कुठं खंड पडू दिला नाही. रेडिओची सवय, तिथं क्षणभर शांतता झाली तरी लोकांना स्टेशन बंद पडल्यासारखं वाटतं.

"इथं काही बंद पडत नाही, ताई," हर्षल म्हणाला. "तिचा चेहरा जरा दिसू द्या."

बाईंनी पेटीवरचा हात उचलला. ती बाई पोराकडं बघत राहिली. मग अगदी हळू, दोनच सूर आले. हर्षलनं तेच ठेवलं. पुढचे दिवस त्या दोघांनी असेच काढले आणि बाईंना झोपही बरी लागू लागली.

एका दुपारी डॉक्टरांचा फोन आला. कल्याणरावांनी तो स्पीकरवर टाकला.

"गाठ साधी आहे. कॅन्सर नाही."

कल्याणराव उंबऱ्यावरच बसले. बाईंनी तोंडाला पदर लावला.

"रड," ते म्हणाले, "पन आवाज काढू नको."

त्यावर दोघंही हसले, बाई आवाज न करता.

दिवाळीनंतर चित्रपट नगरला दाखवला. संगीतकार म्हणून पडद्यावर पुष्पावतीबाईंचं नाव आलं, तेव्हा कल्याणरावांनी शेजारच्या अनोळखी माणसालाही ते वाचून दाखवलं. हर्षलनं पुढचं कामही त्यांनाच दिलंय. त्याच महिन्यात त्या रेडिओवर परतल्या. आवाज आता जाड झाला होता, पहिल्यासारखा नव्हता. पहिला फोन साखर कारखान्याजवळच्या तोडकऱ्यांच्या तळावरून, बायडाबाईंचा आला.

"ह्या कोन बोलत्यात? आमच्या बाई कुठं गेल्या?"

"मीच आहे. आवाज तेवढा बदललाय."

"व्हय? मंग असू द्या. आमच्या बैलानं वैरन सोडलीया, त्याचं सांगा."

बाईंनी माइक जवळ ओढला.

"कधीपासून?"