खाट बदलली त्या दुपारी

वरच्या मजल्यावरच्या ताईंनी एका जिवंत बाईला मारलं, ही बातमी इमारतभर पसरायला एक संध्याकाळ पुरली. पहिल्या मजल्यावरच्या शिवणकामवालीनं दार किलकिलं करून जिन्यातलं अर्धं बोलणं ऐकलं, उरलेलं अर्धं पदरचं जोडलं आणि घरोघर पोचवलं. तिच्या झंपरांसारखंच तेही जरा सैल झालं. खरा प्रकार उलटा होता. मारलं होतं संगणकानं. ताईंनी ते खरं मानलं नाही, एवढंच.

ताई इस्पितळाच्या माहिती कक्षात होत्या. नाव भारदस्त, पण खोली चादरी ठेवायची. फडताळं अजून भिंतीला होती आणि डांबरगोळ्यांचा वास जाता जात नव्हता. साथीमुळे नातेवाइकांना आत सोडत नव्हते. आतल्या माणसाची खबर फोनवरून घरच्यांना द्यायची, हे ताईंचं काम. पडद्यावर एकेका खाटेपुढे एकच शब्द यायचा: स्थिर, नाहीतर गंभीर. ताईंचं त्यानं भागत नसे. "स्थिर तर माझं कपाटपण आहे," त्या म्हणायच्या, आणि आधी वॉर्डला फोन लावून विचारायच्या, "आज काही बोलले का? काय खाल्लं?" मग घरच्यांना सांगायच्या, तुमच्या वडिलांनी चहा पाणचट म्हणून परत पाठवला. पलीकडचा माणूस रडता रडता हसायचा. कक्षाचे साहेब मात्र कुरकुरत. एकाशी गप्पा होईस्तोवर दहाजण ताटकळतात, म्हणत, आणि तेही काही चूक नव्हतं.

त्या दुपारी ताईंच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या फिटरकाकांच्या बायकोची ओळ लाल झाली. लाल म्हणजे मृत.

आता त्या संगणकाची एक खोड होती. खाट रिकामी दाखवायची तर कारण निवडावं लागे, आणि कारणं दोनच: घरी सोडले किंवा मृत. बनवणाऱ्याच्या हिशेबी माणूस खाटेवरून दोनच वाटांनी जातो. शेजारच्या खोलीतही जाऊ शकतो, हे त्याला सुचलं नसावं. म्हणून रोग्याला हलवलं की वॉर्डवाले 'घरी सोडले' दाबत आणि नव्या खाटेवर परत नोंद करत. ताई ते निस्तरत. पण त्या आठवड्यात वॉर्डात नवी माणसं आली होती. दुहेरी हातमोज्यांतलं बोट एक ओळ खाली घसरायला कितीसा वेळ?

आणि घसरलं नसेल तर? काकूंना आदल्या दिवसापासून धाप होती. प्राणवायू वाढवला होता. ताईंना दोन्ही खरं वाटत होतं, आलटून पालटून.

"बाई, लाल आलंय. घरच्यांना तासाभरात कळवायचं, ठाऊक आहे ना?" साहेब दारातून म्हणाले.

"कळवते. आधी वॉर्डचा फोन लागू दे."

"आणि नाही लागला तर? उद्या तो नवरा विचारेल, मला का नाही सांगितलं. काय उत्तर देणार?"

ताईंनी परत नंबर फिरवला. वॉर्डचा फोन व्यग्रच. तेवढ्यात दुसरा फोन वाजला. फिटरकाका. रोज याच सुमाराला करायचे.

"काय म्हणतेय आमची?"

ताईंनी पडद्यावरची नजर काढून फडताळावर ठेवली. "अजून माहिती आली नाही, काका. आज मशीन रखडलंय."

"तेल घाला म्हणावं," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

ताई उठल्या. वॉर्डच्या काचेच्या दारापलीकडे त्यांना जायची मुभा नव्हती. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात काकूंचं नाव लिहिलं आणि काचेला लावून धरलं. आत सगळे सारखेच, नखशिखांत पांढरे. बऱ्याच वेळानं एका सिस्टरचं लक्ष गेलं. तिनं वाचलं. मग आतल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि हाताची चोच करून ती उघडमीट उघडमीट केली: बोलतेय, अखंड बोलतेय.

ताईंनी कागद काचेवरून काढला. मग परत येऊन त्यांनी ओळ दुरुस्त करून घेतली आणि काकांना फोनवर सांगितलं, काकूंना खिडकीजवळची खाट मिळालीय, आणि त्यांचं तोंड सुरू आहे. काका खूष.

न सांगता भागलं असतं. पण संध्याकाळी जिन्यात काका भेटले, तेव्हा ताईंनी दोन पायऱ्या अंतर राखून, मास्कमधून, सगळं सांगून टाकलं. काका कठड्याला धरून उभे राहिले. मग चिडले.

"म्हणजे मी तेल घाला म्हणून विनोद करत होतो, आणि तुझ्यापुढे ते लाल होतं? माझी बायको आहे ती, पोरी. खरं असतं तर? मला दुपारीच कळायला नको?"

ताई म्हणाल्या, "खरं असतं तर संध्याकाळीही तेवढंच खरं राहिलं असतं, काका. खोटं दुपारी सांगितलं असतं, तर ते दुरुस्त करून सांगायला तुम्ही उरला असता का?"