पाय तिचा हाय

वैद्यकीय महाविद्यालयातल्या माझ्या विद्यार्थ्यांना नेतृत्व शिकवायचं म्हणून मी त्यांना लोहगडावर नेलं होतं. उतरताना लोहगडवाडीजवळ त्यांच्यातल्या एका मुलीचा पाय मुरगळला. तिला भजीच्या टपरीत बसवलं, तर तिच्याभोवती अकरा भावी डॉक्टर जमले. कुणी म्हणे पट्टी बांधा, कुणी म्हणे पाय वर करा. सगळ्यांत उंच मुलगा तर तिला उचलून न्यायलाच निघाला.

टपरीवाल्या मावशी ठेंगण्या आणि हसऱ्या होत्या. बोलण्याआधी पदराला हात पुसायची त्यांना सवय होती. हात पुसत त्या म्हणाल्या, "आरं, आदी तिला इचारा की! पाय तिचा हाय."

मुलगी म्हणाली, "मला आधी जरा वारा लागू द्या."

"ऐकलं न्हवं?" मावशी म्हणाल्या. "तू शेजारच्या टपरीतनं बर्फ आन. तू तिची पिशवी घे. बाकीच्यांनी लांब बसून भजी खावा."

"मावशी, हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"चार सुना हायेत, सर. नुसता हुकूम सोडून बगितला, चालला न्हाई," असं म्हणून त्या खळखळून हसल्या.

नेतृत्वावरचं माझं भाषण मी केलंच नाही. गाडीपर्यंत ती मुलगी मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आली. तो उंच मुलगा दर चार पावलांनी वाकून विचारत होता, "थांबायचं का?"

शेवटी ती वैतागून म्हणाली, "आता विचारू नकोस, चल!"

आणि तो गुमान चालू लागला.